आमची वहिनी शववाहिका चालवते

नणंदेनं वहिनीचं कौतुक करायचं म्हणजे जिभेला जरा जडच जातं, पण करते. दादाची कंबर गेली तेव्हा शववाहिकेची किल्ली वहिनीनं उचलली. आईनं अबोला धरला. वहिनी म्हणाली, "बरं झालं, जरा शांतता!"

गावातल्या सगळ्या धर्मांची माणसं तीच पोचवते. देव वेगळे, प्रार्थना वेगळ्या, पण स्मशान असो की कबरस्तान, फाटकाशी बायकांना थांबवतात ते सगळीकडे. कुठे म्हणतात बाईचं काळीज कच्चं, कुठे म्हणतात तिच्या रडण्यानं गेलेल्याचा पाय अडकतो, कुठे ती अपवित्र. एके ठिकाणी तर कारणही देत नाहीत, नुसतं बोट दाखवतात. वहिनीला मात्र आत सोडावंच लागतं, कारण गाडी आपली आपण चालत नाही.

"माणूस जगात आणताना बाईचं काळीज घट्ट, आणि पोचवताना कच्चं?" असं ती जेवताना विचारते. दादा आणखी आमटी वाढून घेतो.

परवा आमच्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाई गेल्या. नवरा नव्हता, एकुलती लेक होती. आजारपणात तिनंच सगळं केलं. तिचं एकच मागणं होतं, आईला शेवटपर्यंत सोबत करायची. इतकी वर्षं तोंड न दाखवलेला मामा फाटकात आडवा उभा राहिला.

"पोरी, तू इथेच थांब. हजार वर्षांत असं झालं नाही."

पोरगी गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. आम्ही बायका तिच्या मागे. माझं तर डोकंच फिरलं होतं.

वहिनीनं खिडकीतून मान बाहेर काढली. "हजार वर्षांपूर्वी गाडी होती का हो मामा? आत चौथऱ्याला गाडी उलटी लावायची आहे. मागे बघून सांगायला माझा माणूस लागतो."

"मी सांगतो की!"

"सांगा. पण मागच्या चाकाजवळ उभं राहावं लागेल. पायावरून गेलं तर मला बोलायचं नाही."

मामानं आपल्या पायांकडे पाहिलं आणि बाजूला सरकला.

वहिनी बोळातून डोळे मिटून गाडी मागे घेते, हे आमच्या गल्लीतली मांजरंही सांगतील. पण मी कशाला बोलू?

"चल गं, बस," ती पोरीला म्हणाली. "आज तू माझी क्लीनर."

फाटकवाल्यानं मामाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. गाडी आत गेली, भिंतीआड वळली. आम्हाला काही दिसेना, फक्त पोरीचा आवाज यायला लागला. आधी बारीक, मग मोठा.

"येऊ द्या... येऊ द्या... हळू, आई आहे... आणखी थोडं..."

बाहेर एकही बाई हलली नाही.

"बास. पोचलो."