बासष्ट पेट्या आणि पेट्रोलची गाडी

माझ्या आत्याला धूर सोसायचा नाही. लहानपणापासूनचा दमा. शेजारी कोणी पालापाचोळा पेटवला तरी तिची छाती शिट्टी वाजवायला लागायची. अशा बाईने मधमाश्या पाळाव्यात याचं लोकांना हसू यायचं, कारण पेटी उघडण्याआधी माश्यांना धूर द्यावा लागतो असं सगळेच धरून चालतात. आत्या धूर देत नसे. ती झाकण इतकं सावकाश उचलायची की बघणाऱ्याला जांभई यावी. माश्या तिच्या मनगटावरून चालत जायच्या आणि ती त्यांच्याशी घरातल्या माणसांशी बोलावं तसं बोलायची. "सरक गं जरा, तुझी राणी बघू दे."

दोन पेट्यांपासून सुरुवात करून बारा वर्षांत तिने बासष्ट केल्या. आतोबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या घरात लाखो बायका आहेत, आणि ऐकून घेणारा मी एकटा."

माश्यांना फुलोऱ्यामागे न्यावं लागतं. खालच्या फळबागांचा बहर संपला की डोंगरापलीकडच्या सूर्यफुलांकडे. पण माश्या म्हटलं की ट्रकवाले तोंड फिरवायचे. शेवटी आतोबांनी एक चार चाकांचा ट्रेलर बनवून घेतला. सगळ्या पेट्या चढवल्या की त्याचं वजन दोन टनांच्या वर जायचं. तो ओढायला जुनी गाडी बघायची म्हणून दोघं मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीने एकच विचारलं, "वाटेत चढ आहे?"

"मोठा आहे. डोंगर ओलांडायचाय," आतोबा म्हणाले.

"मग दादा, डोळे झाकून डिझेल घ्या. पळायला पेट्रोल बरं, ओढायला डिझेल. त्याचं इंजिन सावकाश फिरतानाही जोर देतं. पेट्रोलला तेवढा जोर काढायचा तर गळा काढावा लागतो, आणि मग ते तापतं."

त्याच्या आवारात एक डिझेलची गाडी उभी होती. त्याने ती सुरू करून दाखवली. आत्या मागे ट्रेलरचा हूक बघायला वाकली होती. काळ्या धुराचा लोट निघाला तो सरळ तिच्या तोंडावर. ती एका टायरवर बसली ती वीस मिनिटं उठली नाही. आतोबा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

श्वास परत आल्यावर ती म्हणाली, "तीच घ्या. मी काय रोज गाडीच्या मागे उभी राहणार आहे का?"

"सुरू तर अंगणातच होणार ना," आतोबा म्हणाले, आणि मिस्त्रीकडे वळले. "पेट्रोलची दाखव."

मिस्त्रीने दाखवली, पण बजावलं, "मग ओझं निम्मं ठेवा. दोन फेऱ्या मारा. गाडीला माझी शपथ घातली तरी ती दोन टन त्या चढावर नेणार नाही."

दोन वर्षं त्यांनी इमानेइतबारे दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वर्षी ऊन लवकर तापलं, आणि बागवाल्याचा निरोप आला की कीड पडली आहे, उद्या दुपारी फवारणी. एक फेरी करून परत येईपर्यंत उरलेल्या पेट्यांवर औषध पडलं असतं. ट्रेलरपाशी उभी राहून आत्याच म्हणाली, "सगळ्या चढवू या. एकदाच काय ते सावकाश जाऊ."

आतोबांनी एकेक पेटी चढवली. मग त्यांनी दोर आवळायला घेतले.

उजाडताच निघाले. पेट्यांची दारं जाळीने बंद केली होती. गाडी चालत असली की वारा आत खेळतो, माश्यांना त्रास होत नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याचं काम निघालं होतं. तिथे दोन तास गेले. चढाला लागले तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. निम्म्या चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल खुणेपलीकडे गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली.

रस्ता अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मागे शाळेची बस येऊन थांबली, तिच्यामागे आणखी गाड्या. खिडक्या उघड्या होत्या आणि मुलं माना बाहेर काढून बघत होती. आत्या ट्रेलरपाशी गेली. तिने पेटीला कान लावला नाही, लावायची गरजच नव्हती. आतला आवाज रस्त्यावर ऐकू येत होता, आणि तो चढत चालला होता.

"दारं उघडते," ती म्हणाली, आणि तिचं लक्ष बसकडे गेलं. उकडून बेभान झालेल्या माश्या बाहेर पडल्या असत्या तर कुठे गेल्या असत्या, हे तिला कोणी सांगायला नको होतं. जाळीवरचा हात तिने काढून घेतला.

पाण्याचे दोन कॅन होते. एक तिने पेट्यांवर शिंपडला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा आतोबा म्हणाले, "तो मला लागेल. रेडिएटर भरल्याशिवाय इथून हलता येणार नाही. हललो तरच वारा लागेल."

तिने त्यांच्याकडे बघितलं आणि कॅन दिला. इंजिन निवायला तासाहून जास्त वेळ गेला. बसच्या चालकाने मुलांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं पाणी गोळा करून आणून दिलं. आत्याने तेही शिंपडलं. तोपर्यंत वरच्या थरातल्या पेट्यांचा आवाज थांबला होता. ट्रेलरच्या फळीवरून मध गळत होता. आत मेण वितळलं होतं.

थांबत थांबत उरलेला चढ चढून सूर्यफुलांच्या शेतात पोचल्यावर तिने एकेक झाकण उघडलं, तसंच, सावकाश. आठ पेट्यांत जीव होता. बाकीच्यांत माश्या मधात लडबडून तळाशी ढिगाने पडल्या होत्या. तिने त्या सुपलीने भरल्या, शेताच्या बांधाला खड्डा करून पुरल्या. चोपन्न पेट्या. संध्याकाळ झाली तरी ती पाणी प्यायली नाही.

आतोबा म्हणाले, "मिस्त्री सांगत होता. मी डिझेल घेतली असती तर..."

"गाडी तुम्ही माझ्या छातीसाठी घेतलीत," ती म्हणाली. "आणि सगळ्या चढवू या असं मी म्हटलं. आता पुढचं बोलू नका. मला ऐकवत नाही."

महिन्याभरात आतोबांनी ती गाडी विकली आणि न विचारता डिझेलची आणली. घरापासून लांब, गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि आत्याला बोलावून आणलं. ती तोंडावर रुमाल धरून लांबूनच बघत राहिली. "आता कशाला?" एवढंच म्हणाली आणि घरात गेली. त्याच आठवड्यात तिने उरलेल्या आठ पेट्या दुसऱ्या एका मधवाल्याला देऊन टाकल्या. न्यायला तो आला तेव्हा ती बाहेर आली नाही.

मग ती बियाण्यांच्या दुकानात पाकिटं भरायला जाऊ लागली. आतोबा वाइंडिंगच्या जोडीने लोकांची ओझी ओढू लागले. कोणाची होडी, कोणाचं सिमेंट कालवायचं यंत्र. कुठल्याही चढावर गाडी कधी अडली नाही. याचं कोणी कौतुक केलं की ते विषय बदलायचे.

मी एकदा त्यांच्याकडे राहायला गेले होते. आतोबा गाडी लावून आले. मागच्या दाराशी आत्याने बादली, टॉवेल आणि धुतलेले कपडे ठेवले होते. धुराचा वास घरात येऊ नये म्हणून ते रोज बाहेरच अंघोळ करून, कपडे बदलून आत यायचे. त्या दिवशी जेवताना, काही विषय नसताना, ते म्हणाले, "तुझ्या माश्या मी मारल्या."

आत्या त्यांच्या ताटात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"मारल्या नाहीत, मेल्या. दोन्हींत फरक आहे," ती म्हणाली. "पण तो मला रोज सकाळी नव्याने स्वतःला सांगावा लागतो. एखाद्या दिवशी विसरले, तर तुम्ही मला माफ करा."

आतोबांनी मान हलवली. त्यांना जेववेना. आत्याने ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.