मशीन पळत होती

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला वाटतं, माळ्यावरची ती लाकडी पेटी मी हौस म्हणून जपलीय. हौस आहेच — पण तेवढंच असतं, तर तुमच्यासमोर असा येऊन बसलो असतो का?

आधी पेटीबद्दल सांगतो. तिच्याबद्दल बोलायला मला आवडतं. आणि खरं सांगू, तेवढंच पुढचं थोडं लांबणीवर पडतं.

रिदम मशीन. दोन्ही बाजूंना लाकूड, पुढे विलायती ठेक्यांच्या बटणांची रांग — वॉल्ट्झ, रुंबा, स्लो रॉक. आत कुणाचं वाजवलेलं काही भरलेलं नाही; नुसती वीज, आणि विजेतून निघणारा ठेका. ढोल म्हणाल तर उशीवर बुक्की मारल्यासारखा. झांज म्हणजे तापल्या तेलात मोहरी. खऱ्या वाद्यासारखं एकही नाही, म्हणून तर मी वेडा झालो. बटण एका वेळी एकच दाबायचं असतं. मी एकदा वॉल्ट्झ आणि स्लो रॉक एकत्र दाबलं, तर आतून चक्क कोळीगीताचा झोका निघाला! ज्याने ती बनवली त्याला तरी हे माहीत असेल का? जोडीला एक सिंथेसायझर होता. पट्ट्या दोन दाबा, वाजणार एकच; हवा दमट झाली की सूर घसरणार. त्याचाही कधी राग आला नाही. आताच्या की-बोर्डात ढीगभर वाद्यं असतात, सगळी शहाणी. रुसणारं एक नाही.

मी आठवीत शाळा सोडून साताऱ्याकडच्या गावातून डोंबिवलीला आलेलो, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने बंद पडलेली ही मशीन दुकानात आणली. मी ती बोलती केली, आणि मालकाने मशीनसोबत मलाही उचललं. हळदीचे कार्यक्रम, सोसायट्यांच्या पूजा — मी स्टेजवर! शाळेत मला कुणी फळ्यासमोरसुद्धा उभं केलं नव्हतं.

राहायला जागा दिली ती काशीदादांनी. ऑर्केस्ट्राचे ढोलकीवाले, ठाण्याच्या कोपरीतले कोळी. भाड्याचं नाव काढू दिलं नाही. मी घाटावरचा, मला माशातले काटे काढता यायचे नाहीत. "अरं, खातंस का सुईत दोरा ओवतंस?" असं म्हणत दादा स्वतःच्या ताटातला साफ केलेला तुकडा माझ्या भातावर ठेवायचे. वहिनी हसायच्या. घरच्या आठवणीने मी रडवेला झालो की दादा विचारपूस करायचे नाहीत, ढोलकी मांडीवर घ्यायचे. डाव्या हाताचा तो घुमारा — मशीनचं एवढं कौतुक केलं, पण तसं तिला कधी जमलं नाही. तिला जमणारही नव्हतं.

आता ते सांगतो.

मशीन तापली की पळायची. एकदम नाही — हळूहळू, कळेल न कळेल अशी. मला शंका आली, म्हणून मी ती दादांच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाखाली लावली. मशीनवर ठेक्यासोबत उघडझाप करणारा लाल दिवा होता. घड्याळाच्या टिकटिकीला तो बरोबर जुळवला आणि बसून राहिलो. वहिनींचं मासे तळून होईपर्यंत दिवा घड्याळाच्या पुढे गेलेला. म्हणजे मला माहीत होतं. शंका नव्हे — माहीत होतं.

पुढच्याच रविवारी डोंबिवलीत तालीम होती. एका लांबलचक गाण्यात ढोलकी आणि मशीन वेगळी पडली. मालकाने हात वर केला. "काशी, मागे पडतोयस."

"मी नाय, मालक. मशीन पळते."

सगळे हसले. गिटारवाला म्हणाला, "तिला काय पाय फुटले, काशीदा?"

मालकाने माझ्याकडे बघितलं. दादांनीही बघितलं — अगदी निवांत. घरचाच पोरगा होता ना साक्षीला!

मी म्हणालो, "मशीन कशी चुकेल?"

खोटंसुद्धा सरळ बोललो नाही बघा. प्रश्न विचारला.

मशीन बिघडलेली ठरली तर ती जाणार, ती गेली तर मी जाणार, ही भीती होतीच. पण ती कारण म्हणून सांगत नाही. दादांना त्या दिवशी काढलं नव्हतं. मालकाने फक्त म्हटलं, हात बसवून ये. मला अजून वेळ होता. रात्री ताटावर सांगता आलं असतं. सांगितलं का?

आणि एवढंच असतं तर मी कदाचित विसरलोही असतो.

दोन दिवसांनी दुपारचं जेवण झाल्यावर दादा त्याच घड्याळाखाली ढोलकी घेऊन बसले. इतकी वर्षं वाजवणारा माणूस — टिकटिकीवर हात बसवत होता, पहिल्यांदा शिकत असल्यासारखा. वहिनी भांडी घासायची थांबून दारातून बघत होत्या. बराच वेळ वाजवलं. मग मला हाक मारली.

"ऐक रं. तुजा कान चांगला. बरोबर हाय का?"

बरोबर होतं. टिकटिक आणि थाप यांच्यात केसाइतकी फट नव्हती.

मी म्हणालो, "थोडं मागे पडताय, दादा."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं तू सांगितलंस," म्हणाले. ढोलकीच्या दोऱ्या सैल केल्या आणि ती खुंटीला अडकवली. ऑर्केस्ट्रात ते पुन्हा आले नाहीत. गल्लीतल्या हळदीत पोरांनी ओढून आणलं तरी ढोलकीला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "नको, हात मागं पडतो."

मी मात्र त्यांच्याच घरात राहिलो, आणखी कितीतरी दिवस. साफ केलेला तुकडा माझ्या भातावर येत राहिला. मी खात राहिलो.

दादा आता नाहीत. ऑर्केस्ट्राही मोडला, मशीन तेवढी माझ्याकडे उरली. बायको घरात नसली की मी पेटी खाली काढतो, दोन्ही बटणं दाबतो. सुरुवातीला तोच झोका. मग तापते, आणि पळायला लागते. अजूनही आवडते मला.

घड्याळ बरोबर होतं. दादांचा हातही बरोबर होता. मी दोन्ही ऐकत होतो.