रोज्यातलं मीठ

माझ्या केटरिंगमध्ये सात बाया आहेत आणि मिठाचा डबा एक. बायांना मी भाजी चिरू दिली, फोडणी देऊ दिली, मोठ्या पंगतीचा भात उतरवू दिला. मिठाला मात्र हात लावू दिला नाही. बारामतीपासून इंदापूरपर्यंत लोक 'भाभीच्या हातची आमटी' म्हणतात. नाव माझं, तेव्हा मीठही माझंच. हे ऐकून ऐकून मी जरा शेफारले होते, हे आज कबूल करते.

रमजानमध्ये मी ऑर्डर घेत नसे. रोजा असताना चाखणार कशी? जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकायची मुभा असते, असं मला पुष्कळांनी सांगितलं. पण तोंडात घेतलेली आमटी थुंकून टाकीन, एवढा माझा माझ्यावर भरवसा नाही. त्यामुळे तो महिना काम बंद, बायांनाही सुट्टी.

त्या वर्षी अंथुर्ण्याच्या आबांच्या नातीचं लग्न नेमकं रोज्यांत आलं. आबांना नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं. मी धंदा सुरू केला तेव्हा, मुसलमान बाईच्या हातचं लग्नात चालेल का, असं लोक आडून आडून विचारत. आबांनी विचारलं नाही. धाकट्या मुलीच्या लग्नाचा अख्खा स्वयंपाक त्यांनी माझ्या हवाली केला. तीच माझी पहिली मोठी ऑर्डर. आता नातीसाठी नरसिंहपूरकडचं वऱ्हाड येणार होतं आणि आबांनी व्याह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "आमटी खाऊन बगा, मग बोला." एवढ्या पाहुण्यांत त्या माणसाला खाली बघायला लागू नये, याचाच मला घोर लागला होता.

मांडवामागं चुली पेटल्या. आमटीला उकळी आली तशी मी अंदाजानं मीठ घातलं. मग कुणीतरी मठ्ठ्याचं विचारायला आलं, बोलणं झालं, आणि मी पुन्हा चुलीकडं वळले. मधे पुन्हा मीठ टाकलं की काय, ते मला आजही आठवत नाही. मग एकेकीला वाटीत आमटी दिली आणि नेहमीसारखं विचारलं, "बरोबर आहे ना?"

"व्हय भाभी, बरोबर हाय," सगळ्या म्हणाल्या.

शेवटी राहिली लोणी भापकरची मावशी, माझ्याकडची सगळ्यात जुनी. तिनं वाटी खाली ठेवली.

"खारट हाय."

माझं डोकंच फिरलं. पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही, आणि त्यात हे. मी म्हणाले, "इतकी वर्षं मीठ घालतेय मी. माझा हात चुकत नाही."

"आज तुमी चाखलं न्हाय. मी चाखलंय," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "रोज्यात तुमचा हात जड पडतो, भाभी. दरसाल तुमच्या घरी इफ्तारीला येतोय न्हवं आमी."

"मग इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाय."

"विचारते की दरवेळी!"

"बरोबर आहे ना, असं इचारता. त्याला बाई काय बोलनार?"

त्या एवढ्याशा 'ना'नं मी सात बायांची तोंडं बंद केली होती आणि वर कुणी खरं सांगत नाही म्हणून कुरकुरत होते.

मावशीनं चुलीमागच्या एका पातेल्यावरचं झाकण काढलं. आत बिनमिठाची शिजवलेली डाळ होती. असं काही होणार हे ओळखून तिनं ती सकाळीच बाजूला काढून ठेवली होती. ती डाळ तिनं खारट आमटीत ओतली. पुढचं मीठ तिच्या जिभेनं ठरावं म्हणून मी मिठाचा डबा उचलून तिच्या हातात दिला आणि लांब कांद्याच्या पोत्यावर चुलीकडं पाठ करून बसले. बघत बसले असते तर उठून परत हात घातला असता.

पंगत निम्म्यावर आली तेव्हा आबा काठी टेकत मांडवामागं आले. "भाभी, व्याही तिसऱ्यांदा आमटी मागायला लागलेत," म्हणाले, आणि हसत परत गेले. मी मावशीकडं बघितलं. ती भात उपसत होती, तिला माझ्याकडं बघायला सवड नव्हती.

संध्याकाळी आम्ही बारामतीत परतलो, टेम्पोतून भांडी उतरवली. अजान झाली. मी खजूर खाल्ला, पाणी प्यायले. मावशीनं माझ्यासाठी राखून ठेवलेली आमटी गरम करून आणली आणि सगळ्या बायांदेखत, अगदी माझ्याच आवाजात विचारलं, "बरोबर आहे ना?"

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी घोट घेतला. माझ्या हातापेक्षा मीठ कणभर कमी होतं आणि डाळीची गोडी लागत होती. इतक्या वर्षांत माझ्या आमटीत ती मला कधी लागली नव्हती. माझे डोळे भरून आले. बायांना वाटलं, दिवसभराच्या उपासानं. त्या दिवशी इफ्तारीला त्यांच्या हातचं खायला मिळालं, याचं मला किती बरं वाटलं ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

मिठाचा डबा मी परत मागितला नाही.