परमनंट मुलगा हवा

ऐंशीच्या दशकात मुलुंडमध्ये 'परमनंट' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ 'मुलगी द्यायला हरकत नाही' असा होता. मी टेंपररी होतो.

आमच्यासारखे लोक चुकूनही कायम होऊ नयेत म्हणून नटबोल्टचा आमचा कारखाना आम्हाला मधेच काही दिवस घरी बसवत असे. त्याला 'ब्रेक' म्हणत. (साहेब म्हणत. आई 'उपास' म्हणायची.) नेमकी अशाच एका ब्रेकमध्ये घाटकोपरची शालिनी आईवडिलांसह आमचं घर बघायला आली. कांदेपोह्यांच्या वेळीच मला ती इतकी आवडली होती की पोह्यांत मीठ नव्हतं हे मला घरी आल्यावर आईकडून कळलं! हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी दुसरं बघितलंच नसतं.

"मुलगा परमनंट आहे ना?" तिच्या वडिलांनी बसता बसता विचारलं.

मी तोंड उघडलं. आईने त्यात लाडू कोंबला.

"तर! माजो झील कधीचोच परमनंट आसा!"

"मग आज मंगळवारी घरी कसे?"

"परमनंट माणसांका भरपगारी रजा गावता!" (धन्य ती माऊली! पापणीसुद्धा लवली नाही.)

मग बाबांनाही चेव चढला. "अहो, हा रजा मागतो तेव्हा साहेब रडकुंडीला येतात!"

तेवढ्यात माझ्याच खात्यात काम करणारा शेजारचा बंड्या दारातून ओरडला, "सुऱ्या, ब्रेक संपला रे! टेंपररीवाल्यांना उद्यापासून परत बोलावलंय! झकास ना?"

बाबा पंख्याकडे बघू लागले. (पंखा बंद होता.) तिचे वडील चपला शोधायला उठले. माझी पुरती वाट लागली होती.

"काका, मी टेंपररीच आहे," लाडू कसाबसा गिळून मी म्हणालो.

"बाबा, बसा हो," शालिनी म्हणाली. "मी आहे ना सरकारी ऑफिसात परमनंट? घरात एक पुरे! दोघंही रोज कामावर गेल्यावर स्वयंपाक कोण करणार?" मग माझ्याकडे वळून, "भात येतो का हो तुम्हाला?"

"शिकेन!" मी जवळजवळ किंचाळलोच. इतकी रोखठोक बाई मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही नाही.

कारखान्याने मला परमनंट केलं नाही ते नाहीच. सासरे मात्र चारचौघांत माझी ओळख मोठ्या अभिमानाने करून देत, "हे आमच्या परमनंट मुलीचे मिस्टर. भात छान मोकळा करतात!"