हौदातला चेहरा

विद्यापीठानं चित्र, शिल्प, गाणं आणि नाटक शिकणाऱ्यांसाठी नांदेडच्या बाहेर, विष्णुपुरीच्या अलीकडे, वेगळा परिसर उभा केला होता. मी शिल्पाच्या वर्गात होते. लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. रेणापूरहून वडिलांचं पत्र यायचं, त्यात ते सवयीनं उस्मानाबाद लिहून मग खोडायचे. दुकानाबद्दल चार ओळी, बाकी सगळं आड आटल्याचं.

दुसऱ्या वर्षी समोर माणूस बसवून मातीत त्याचं डोकं करायचं होतं. माणूस ज्याचा त्यानं शोधायचा. परिसर झाडायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं. त्या हसल्या. "मला बघून काय करतीस पोरी? बसायचंच हाय ना? बसते."

त्या महिनाभर दुपारी येऊन स्टुलावर बसल्या. पदर मागं घेऊन, एवढ्या स्थिर, की कधीकधी श्वास चालू आहे ना, अशी शंका यायची. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवूनच माती देतात. हे एकदा मनात आलं, आणि मग त्यांच्याकडे बघताना ते जाईना.

टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. आमच्या वर्गाला दिवसाला एक बादली. माती सुकली की चिरते, म्हणून त्या मातीच्या डोक्यावर ओलं गोणपाट ठेवावं लागे. एका दुपारी मावशींनी पाणी मागितलं. मी बादलीत डोकावले. तळाला तांब्याभर असेल.

"थोडं थांबता का मावशी? नाहीतर हे चिरेल."

त्यांनी मातीच्या डोक्याकडे पाहिलं. "पाज की. आधी तुझ्या त्या मावशीला पाज."

रागावून म्हणाल्या नाहीत. मी लाजून तांब्या पुढं केला, तर त्यांनी हात हलवला आणि परत तशाच बसल्या. मी गोणपाट भिजवलं.

डोकं चांगलं झालं. मार्क मिळाले. प्लास्टरमध्ये ओतून ठेवायचं तर पाणी लागणार होतं, ते नव्हतं. सर म्हणाले, "मोडून मातीच्या हौदात टाक. पुढच्या वर्गाला माती पुरायची नाही." तसा रिवाजच होता. मी दोन्ही अंगठे गालांत रुतवले आणि चेहरा मोडला.

पुढं मावशी यायच्या बंद झाल्या. गावी गेल्या असतील, असं मी धरून चालले.

महिन्याभरानं एक बाई दारात उभी राहिली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. म्हणाली, "आईचं डोस्कं बघायला आले, ताई."

"मावशी कुठं आहेत?"

"ऊन लागलं. गावात टँकरच्या रांगेत उभी होती. घरी आणली, पन राहिली न्हाई." मग माझ्या मागं बघत म्हणाली, "घरात तिचा एक फोटो न्हाई. ती सगळ्यांला सांगायची, मी नांदेडला बसून हाय म्हनून. कुठं हाय?"

मला खोटं सुचलं नाही. मी तिला हौदापाशी नेलं. "यात आहे," म्हणाले. काय रिवाज असतो, पाणी कसं नव्हतं, सगळं सांगत राहिले. ती ऐकत नव्हती. हौदाच्या काठावर बसून तिनं मातीत कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मी परत करते," मी म्हणाले.

तीन दिवस ती स्टुलावर बसून सांगत राहिली, मी करत राहिले. "कपाळ लहान होतं." "ओठ मिटलेले ठिवायची." महिनाभर रोज पाहिलेला चेहरा, पण डोळ्यांसमोर आणायला गेले की माझे अंगठे रुतलेलाच दिसायचा. तिसऱ्या दिवशी ती उठली. "ऱ्हाऊ द्या, ताई. ही बाई चांगली हाय. पन कोनी दुसरीच हाय."

काही दिवसांनी तिला आईच्या जागेवर घेतलं. माझं शिक्षण संपेपर्यंत दोन वर्षं ती रोज सकाळी परिसर झाडायची. भेटली की "जेवला का ताई?" विचारायची. शिल्पाच्या खोलीत मात्र ती कधी आली नाही. उंबऱ्यापर्यंत झाडायची आणि वळायची. आतलं मी झाडायचे.