सुतकातला दुधाचा चहा

सासूबाई गेल्या आणि मी केदारखेड्याच्या घरात दहा दिवस नुसता चहा केला. बसायला येणारी माणसं काही संपत न्हाईत. भोकरदनच्या पहिल्या एसटीनं आलेली उठतात तोवर जालन्याची जीप दारात. बायका दारातच गळा काढतात, सतरंजीवर टेकतात, डोळे पुसतात आणि मंग कुणीतरी आत तोंड करून म्हणतं, "चहा ठेवा बरं." ठेवा म्हणजे मी ठेवायचा. दुसरं कोण आहे?

आमच्या भावकीत सुतकातला चहा कोराच. पाणी, पत्ती, साखर, बस. दहावा होईपर्यंत दुधाचा थेंब पडायचा न्हाई, आणि आलेल्यानं दोन घोट तरी घ्यायचेच, न्हाई तर मनात काही धरलंय असं समजतात. त्यामुळं शुगरवालेही पीत होते, ॲसिडिटीवालेही पीत होते. मी उकळून राह्यले, गाळून राह्यले, कप विसळून राह्यले. पाय भरून आल्ते. मलाही त्या बायकांत बसून एकदा मोकळं रडायचं होतं. तेवढंच पाहिजे होतं मला. पण मी बाहेर डोकावले की लोकांना रिकामे कप आठवायचे.

सासूबाईंचं आणि माझं लई गूळपीठ होतं असं न्हाई. भांडणं व्हायची, आणि ती बहुतेक चहावरूनच. त्यांच्या लहानपणी चहा म्हणजे तापावरचं औषध. पुडीभर पत्ती आणायची, गुळात उकळायची, आजाऱ्याला पितळी पेल्यात द्यायची; बाकीच्यांनी वास घ्यायचा. म्हणून डॉक्टरनं चहा कमी करा म्हटलं की त्या डॉक्टरलाच येड्यात काढायच्या. "चहानं माणूस उठून बसतो, ह्याला काय कळतं!" आलं आधी, दूध शेवटी, उकळ्या तीन. चौथी आली की तो चहा मोरीत ओता म्हणायच्या. शेवटची दोन वर्षं अंथरुणातून नुसत्या आवाजावर उकळ्या मोजायच्या. काय बाई होती!

सहाव्या दिवशी दुपारी बाहेर खूप माणसं होती. मी मोठ्या पातेल्यात कोरा ठेवला. आणि दुसऱ्या शेगडीवर छोट्या पातेलीत आलं ठेचून टाकलं, दूध ओतलं, तिसऱ्या उकळीला उतरवलं, कपात गाळलं. हाताला सवय, दुसरं काय! चार वाजले होते, ती सासूबाईंच्या चहाची वेळ. कप घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले तर खाट काढलेली, जमिनीवर पिठात दिवा ठेवलेला.

तेवढ्यात नणंद आत आली. वयानं माझ्याहून मोठी, आष्टीला दिलेली. दुधाच्या चहाचा वास काही लपत न्हाई.

"अगं, सुतकात दूध? दहा दिवस दम न्हाई निघत का तुला? एवढे कसले जिभेचे चोचले!"

बाहेरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मी गप बसणाऱ्यातली बिलकुल न्हाई, पण त्या दिवसापर्यंत बसले होते. "माझा न्हाई आक्का," मी म्हणाले, "तुमच्या आईचा आहे. चुकून केला." कप ओट्यावर ठेवला, बाहेर गेले, बायकांच्या मधोमध बसले आणि जो हंबरडा फोडला तो मलाच ओळखू येईना. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. आत कोरा चहा उतू गेल्याचा वास आला. मी उठले न्हाई. जाऊ दे उतू, म्हटलं, आज जाऊ दे.

थोड्या वेळानं नणंद दारात आली. डोळे लाल. हळूच म्हणाली, "गाळणी कुठं ठेवतेस गं?" मी रडता रडता सांगितलं. मंग पुन्हा आली, साखर कोणत्या डब्यात. तेही सांगितलं.

शेवटी ट्रे घेऊन आली. सगळ्या बायकांना ओलांडून आधी माझ्यापुढं वाकली, कप माझ्या हातात दिला. चहा कोरा, पाणचट, पत्ती कच्ची राहिलेली. मी थेंबभरही ठेवला न्हाई. अकरा वर्षांत त्या घरात दुसऱ्या कुणी करून माझ्या हातात दिलेला तो पहिला चहा होता.