कोमट

बेकरीत तिला सगळे चिमटाबाई म्हणत. भट्टीतून निघालेला पत्र्याचा ट्रे धरायला बाकीच्यांना चौपदरी फडकं लागायचं, हिचं एका चिंधीवर भागायचं. पत्रा हाताला लगेच चावतो, लाकडी फळी मात्र सवड देते, हे बावीस वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. "बघा, शिका जरा!" मालक नव्या बायकांना म्हणायचा. तीही मनातून फुलायची.

गेली दोन वर्षं मात्र ट्रे चावेनासे झाले होते. एकदा करपल्याचा वास आला म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं, तर तिचंच बोट ट्रेच्या कडेला टेकलेलं. टरटरून फोड आला, पण दुखलं नाही. तिने अवाक्षर काढलं नाही. हात गेले म्हटल्यावर मालक घरी बसवणार, हे कळायला ज्योतिषी कशाला हवा?

पुढे नातू झाला. सुट्टीच्या दिवशी त्याची अंघोळ आजीकडे असायची. त्या दिवशी हिने पाणी काढलं आणि सुनेनेच टब उचलून मोरीत ठेवला. प्लास्टिक जाड, बाहेरून गार, त्यामुळे आतल्या पाण्याचा सुनेला पत्ताच लागला नाही.

"आई, विसण घातलंत ना?"

"घातलं गं." हिने चार बोटं बुडवली. "कोमट आहे."

आणि बाळाचे पाय पाण्यात सोडले.

बाळ किंचाळलं तेव्हा हिला वाटलं, पाण्याला भ्यालं असेल. सुनेने टबात हात घातला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. मग तिने बाळाला ओढूनच घेतलं आणि नळाखाली धरलं. दोन्ही पावलं घोट्यापर्यंत लालभडक झाली होती.

दवाखान्यात बाळाला मलमपट्टी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हिला डोळे मिटायला लावले. एक ऊन चमचा, एक गार चमचा, आळीपाळीने बोटांना टेकवला. "यातला ऊन कुठला?" हिने अंदाजाने सांगितलं. दोनदा चुकलं.

बाहेरच्या बाकावर मुलगा शेजारी येऊन बसला.

"आई, तुला माहीत होतं?"

"नाही रे," ती म्हणाली. "मला कसं कळणार?"

त्याने तिचा हात हातात घेतला. सुनेजवळ जाऊन म्हणाला, "तिची काय चूक? तिला बिचारीला तरी काय ठाऊक!"

महिन्याभरात बाळाची कातडी भरून आली. एका टाचेवर पांढुरका डाग तेवढा राहिला. सून आजही चहाचा कप हिच्या हातात देत नाही, समोर टेबलावर ठेवते आणि "जरा निवू द्या हं, आई" असं मायेने सांगते. खरं सांगून टाकावं असं हिला रोज वाटतं. पण डाग पुसट होत चालला, तसतसं ते जिभेवर आणणं आणखीच जड होत गेलं.